सहा सडांची गाडी

आदेलीनो बोर्बाने गाईचं काय म्हणून पाहिलं नव्हतं? आडवं आलेलं वासरू खांद्यापर्यंत हात घालून फिरवलं, कास सुजवणारी दगडी उतरवली, आणि लाथा तर इतक्या खाल्ल्या की डाव्या गुडघ्याला पाऊस आधी कळायचा. एवढ्या सगळ्यात हा माणूस कधी डगमगला नाही. आणि शेवटी त्याला रडकुंडीला आणलं कोणी, तर गाडीतल्या वाटाण्याएवढ्या पिवळ्या दिव्याने.

गाडी जर्मन, दोन दारांची, गडद हिरवी आणि चांगली जुनी. हिलमारच्या गोठ्यातल्या आपल्या सगळ्या गाई ज्या वर्षी त्याने विकल्या, त्याच वर्षी ही घेतली. घेतली, घरी आणून उभी केली, आणि मग बायकोला सांगितलं. हा क्रम चुकला. लूर्दने गाडीभोवती एक फेरी मारली, मागच्या सीटकडे बघून "इथं काय कोंबड्या बसवायच्या?" असं विचारलं आणि ती घरात निघून गेली. तेव्हापासून तिने त्या गाडीत पाऊल ठेवलं नव्हतं. आदेलीनो बापडा शेजारची सीट रिकामी घेऊन बदामाच्या बागांमधून एकटाच फिरायचा. त्याला ते मुळीच आवडायचं नाही. गाडी त्याने दोघांसाठी घेतली होती, फक्त ते बोलायचं राहून गेलं होतं.

आणि आता, इतक्या वर्षांनी, ती बसायला तयार झाली होती.

कारण होतं देओलिंदा. लूर्दची धाकटी बहीण, समुद्राकाठी कॅपिटोलाला राहायची. तिचा नवरा आर्नाल्दो घरं विकून गबर झालेला, आणि जगात कुठल्याही विषयावर त्याचं मत तयार असायचं. देओलिंदा बहिणीला मिठी मारताना नाक जरासं बाजूला वळवायची. गोठा सुटून इतकी वर्षं झाली तरी वळवायची. लूर्द याबद्दल कधी अवाक्षर बोलली नाही, पण तिकडे जायच्या आदल्या दिवशी दोनदा आंघोळ करायची, हे आदेलीनोला दिसत होतं आणि त्याच्या काळजाला ते लागत होतं.

या ऑक्टोबरात देओलिंदाची साठी. रविवारी जेवण. आर्नाल्दोचा फोन आला की मीच घ्यायला येतो, तुमचा तो पिकअप डोंगर चढतोय की नाही कोण जाणे. लूर्दने फोन ठेवला आणि सरळ गॅरेजमध्ये आली.

"ही डोंगर चढते का?"

"चढते? अगं, उडते."

"मग रविवारी हिच्यातून जायचं. पण तो पिवळा दिवा विझलेला पाहिजे."

"दिव्याचं काय एवढं—"

"आर्नाल्दो आल्या आल्या खिडकीतून मुंडकं आत घालतो. दिवा दिसला की सूपपासून केकपर्यंत तेच पुराण. ते मी ऐकून घेणार नाही. दिवा विझला तर मी येते. नाहीतर मी त्याच्या गाडीतून जाईन, आणि ही माझी हिरवी सवत तुला लखलाभ. परत मला विचारायचं नाही."

लूर्दचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ.

दिवा का लागला होता, हे त्याला टर्लॉकच्या मारिसेलाने आधीच सांगितलं होतं. मारिसेला स्मॉगची, म्हणजे गाड्यांच्या धुराची, तपासणी करायची. तिने पास केल्याशिवाय नंबरप्लेटवर नवा स्टिकर लागत नाही, आणि दिवा पेटलेला असेल तर ती पास करत नाही, मग तुम्ही बिशप का असेनात. सध्या तो सरकारी कार्यालयाने दिलेल्या तात्पुरत्या चिठ्ठीवर गाडी चालवत होता. इंजिन थंड असताना एक छोटा पंप धुराच्या वाटेत ताजी हवा फुंकतो, म्हणजे उरलंसुरलं पेट्रोल जळून जातं. ती हवा जायला इंजिनाच्या आत सहा बारीक वाटा आहेत, दर सिलिंडरला एक. त्या सहाच्या सहा काजळीने बुजल्या होत्या. मोडेस्टोचा मेकॅनिक म्हणाला, इंजिन खाली उतरवायचं, उघडायचं, महिनाभर गाडी विसरायची. रविवार तर चार दिवसांवर.

आदेलीनो आपलं रडगाणं घेऊन तिबूकडे गेला. तिबू म्हणजे तिबूर्सियो. त्याचा गोठा अजून चालू होता. आदेलीनोच्या मुलीचा तो धर्मबाप, त्यामुळे दोघं एकमेकांना कंपाद्र म्हणायचे आणि त्या नात्याने वाटेल ते बोलायचे. तिबूने सगळं ऐकून घेतलं, टोपी मागे सारली आणि डोकं खाजवलं.

"भोकं बारीक. आतून बुजलेली. ढकलून बाहेर काही येत नाही. कंपाद्र, तू मला गाडीचं सांगतोयस का गाईचं?"

आदेलीनो हळूच म्हणाला, "सड धरलेत."

"सड धरलेत," तिबू म्हणाला. "सहा सडांची गाय आहे, एवढाच काय तो फरक. घेऊन ये तिला गोठ्यात."

आता शहाणा माणूस इथे थांबला असता. पण हे दोघं गुरांमध्ये जन्म काढलेले, त्यांना शहाणपण कोण शिकवणार? शिवाय सांगायला हरकत नाही, कल्पना अगदीच टाकाऊ नव्हती. तिबूच्या गोठ्यात धार काढायला मधोमध एक खड्डा होता. माणसं खड्ड्यात उभी राहतात, गाई दोन्ही बाजूंच्या ओट्यांवर, म्हणजे कास बरोबर हाताशी येते. आणि या गाडीचं इंजिन होतं मागच्या चाकांच्याही मागे, गाईची कास असते अगदी तिथे. आदेलीनोने मागचं मोठं दार उघडायला लावून गाडी उलटी आत घेतली, चाकं खड्ड्याच्या काठाला टेकवली, आणि इंजिन खड्ड्यावर लोंबायला लागलं. तिबूने खाली उतरून वर पाहिलं.

"देवाने हिला धार काढायलाच घडवलंय," तो म्हणाला.

धुराचे पाईप सोडवून झाले. बुजलेली सहा भोकं दिसायला लागली. तिबूला दुधाच्या नळ्या धुवायचं ॲसिड ओतायचं होतं. नळ्यांत बसलेला दुधाचा दगडसुद्धा त्याने विरघळतो.

"हे ॲल्युमिनियम आहे," आदेलीनो म्हणाला.

"मग?"

"मग वाटा मोकळ्या होतील आणि इंजिनही मोकळं होईल. बादलीत घरी न्यावं लागेल."

शेवटी दुकानातून काजळी सोडवायचं औषध आणून वाटांमध्ये ओतलं आणि ते एक रात्र मुरू दिलं. दुसऱ्या दिवशी आदेलीनोने सायकलच्या ब्रेकची तार ड्रिलला लावून ती एकेका भोकात फिरवली. मग जुन्या धार काढायच्या मशीनची बादली आणली, तिची रबरी नळी पहिल्या भोकाला लावली आणि तिबूला म्हणाला, "कर चालू."

तिबूने पंप चालू केला. बादली खळखळली, आणि नळीतून काळंकुट्ट, दाट काहीतरी उतरायला लागलं.

"आली बघ धार," तिबू म्हणाला. "पहिला चीक आहे, वासराला द्यायचा नाही."

दोघंही असे हसले की आदेलीनोला ओट्याला धरून उभं राहावं लागलं. त्या हसण्यात एक गोष्ट दोघांच्याही लक्षात आली नाही. पंपाचा आवाज म्हणजे धारेची वेळ, हे तिबूच्या गाईंना आईच्या पोटातून माहीत होतं. भर दुपारी पंप वाजला, तशा त्या चारा सोडून उठल्या. गोठ्याचं फाटक त्यांनी नुसत्या छातीने उघडलं. बघता बघता दोन्ही ओटे भरले. प्रत्येक गाय आपापल्या जागी शिस्तीत उभी, सगळ्यांना पान्हा फुटलेला, सडांतून दूध टपटपतंय, आणि मधे हिरवी गाडी. एश्ट्रेला नावाची पांढरीफटक गाय तिबूची लाडकी. ती गाडीच्या छताला चाटायला लागली.

"हाकल त्यांना," आदेलीनो म्हणाला.

"पान्हा सोडलाय त्यांनी. आता काढल्याशिवाय सोडल्या तर सगळ्यांना दगडी होईल. तू तुझी पिळ, मी माझ्या पिळतो."

मग काय विचारता. एका पंपावर दोन संसार. तिबू एका टोकापासून गाई घेत निघाला. सड पुसायचे, मशीन लावायचं, काढायचं, सड आयोडीनच्या कपात बुडवायचे, पुढची. आदेलीनो मधे गाडीखाली. जन्माची सवय ती, तिबू रांगेने जाता जाता गाडीपाशी आला आणि गाडीचा सुटलेला पाईपही पुसून, आयोडीनमध्ये बुडवून पुढच्या गाईकडे गेला. चार गाई झाल्यावर त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. तो मागे वळून पाईपकडे बघत राहिला.

"बरंच आहे," आदेलीनो खालून म्हणाला. "जंतू मरतील."

दुसरा सड मोकळा झाला, तिसरा झाला. चौथ्याने थोडा त्रास दिला. पाचवा एकदम फट्‌ करून सुटला. सहावा मात्र काही केल्या सुटेना. तार आत जाईना, औषध उतरेना, नळीने सगळा जोर लावला तरी ठणठणीत कोरडा. आदेलीनोने इंजिनाखाली हात घातला आणि अडेलतट्टू गाईशी बोलायचा तसा बोलायला लागला. आवाज खाली, लाडात. "दे गं बाई. दे माझी आई. एवढं एकदा दे, रविवारी माझी इज्जत तुझ्या हातात आहे. लूर्दला घेऊन जायचंय गं मला."

"पाच झाले, सहावा पान्हा चोरतोय," तिबू गोठाभर ओरडला, जसं काही गाईंनाच सांगत होता. "हवा मारून बघ उलटी."

गोठ्यातल्या हवा मारायच्या मशीनचं तोंड आदेलीनोने सहाव्या भोकाला लावलं. हवा आत गेली आणि काजळी भलत्याच भोकातून बाहेर आली, एक मोठा भपकारा, थेट एश्ट्रेलावर. ती जराही हलली नाही. फक्त पांढऱ्याची काळी झाली आणि तिने शिंकून घेतलं.

"आता हिला कळपात ओळखू कशी मी?" तिबूने विचारलं.

सहावा तसाच राहिला. दोघं हात पुसत वर आले, तेव्हा दुधाच्या टाकीवर फडक्यात बांधलेलं जेवण दिसलं. लिंग्विसा, म्हणजे मसालेदार सॉसेज, घातलेले पाव, अजून कोमट. लूर्द येऊन गेली होती. कधी आली, किती वेळ उभी होती, दोघांनाही पत्ता नव्हता.

पाईप परत बसवून झाल्यावर आदेलीनोने इंजिन पाण्याने धुतलं, आणि धुवायच्या आधी बॅटरीची तार काढली. मशीन धुण्याआधी प्लग काढायचा, हे गोठ्यातलं पहिलं शास्त्र. धुऊन, पुसून, तार परत लावून त्याने किल्ली फिरवली. दिवा विझलेला. पिवळ्याचा मागमूस नाही. आदेलीनोने तिबूला कडकडून मिठी मारली, आणि दोघंही काजळीने बरबटलेले असल्यामुळे कोणाचं काही बिघडलं नाही.

शनिवारी सकाळी तो छाती काढून टर्लॉकला गेला. मारिसेलाने आपलं यंत्र गाडीला जोडलं, पडद्याकडे बघितलं आणि मग त्याच्याकडे बघितलं.

"बॅटरी काढली होतीस?"

"धुवायच्या आधी काढतातच."

"तुम्ही डेअरीवाले सगळे एकजात," ती म्हणाली. "गाडीची पाटी कोरी केलीस. हिला आता काहीच आठवत नाही. म्हणून दिवा विझलाय, गाडी बरी झाली म्हणून नाही. थोडे दिवस चालव, ती स्वतःला तपासून घेईल, मग ये. आज नाही पास करता येत."

"आणि समजा एखादी वाट बंद असली तर?"

"तर दिवा परत लागेल."

"कधी?"

"थंड इंजिन चालू करशील तेव्हा कधीतरी. उद्या लागेल, परवा लागेल. मी काय ज्योतिषी आहे?"

घरी आला तेव्हा लूर्द बहिणीकडे घालायचा निळा पोशाख इस्त्री करत होती.

"विझला?"

"विझला."

"सगळी भोकं मोकळी?"

"सहाच्या सहा," आदेलीनो म्हणाला, आणि त्याचे कान तापले. लूर्दने त्याच्याकडे क्षणभर पाहिलं, "बरं," म्हणाली, आणि बाहीला इस्त्री करायला लागली. तो दिवसभर स्वतःला शिव्या देत राहिला. आर्नाल्दोच्या दारात दिवा लागला तर इज्जतही जाणार आणि शब्दही. पण खरं सांगितलं तर ती आर्नाल्दोला फोन करणार, आणि ती सीट कायमची रिकामी. खोटं बोलायला त्याला जमत नव्हतं आणि खरं बोलायला धीर होत नव्हता.

रविवारी सकाळी लूर्द डोक्याला रुमाल बांधून बाहेर आली, दार उघडून बसली आणि पर्स मांडीवर ठेवली. आदेलीनोने मनातल्या मनात सगळ्या संतांची नावं घेतली आणि किल्ली फिरवली. मागे हवेचा पंप घोंघावला. दिवा नाही लागला. पंप थांबला, तरी नाही. त्याने श्वास सोडला, तो लूर्दला ऐकू गेला असणार.

लॉस बानोस मागे पडलं. पाचेको घाट लागला, धरणाचं निळं पाणी डावीकडे पसरलं, तेव्हा लूर्द म्हणाली, "उडते म्हणाला होतास ना?" त्याने गाडी सोडली. लूर्दचा रुमाल मानेवर आला, ती ओरडली, आणि मग हसायला लागली ती थांबेचना. गिलरॉयला लसणाचा वास आला तेव्हा तिने काच पूर्ण खाली केली. आदेलीनो इतका खूश होता की त्याला गाणं म्हणावंसं वाटत होतं, पण त्याचा आवाज कसा आहे हे त्याला माहीत होतं.

कॅपिटोलाला जेवण झालं. देओलिंदाने मिठी मारली, नाक वळवलं. आर्नाल्दोने गाडीत मुंडकं घातलं, पण तेव्हा इंजिन बंद होतं आणि त्याला काही सापडलं नाही. माशाचं सूप झालं, वाईन झाली, केक झाला. मग समुद्रावरून धुकं आलं, हवा गार पडली, इंजिन पार थंड झालं, आणि निघायची वेळ झाली. सगळे निरोप द्यायला बाहेर. आर्नाल्दो खिडकीपाशी, अर्धा आत.

"चालू कर, आवाज ऐकू दे," तो म्हणाला.

काय करणार? आदेलीनोने किल्ली फिरवली. पंप घोंघावला, थांबला. आणि मधोमध, सगळ्यांच्या देखत, पिवळा दिवा पेटला.

"हं," आर्नाल्दो म्हणाला. त्याचा चेहरा फुलला. "धुराचा लोचा. हवेच्या वाटा बुजतात या गाड्यांच्या. आदेलीनो, हे तुझ्या आवाक्यातलं काम नाही. इंजिन उतरवायला लागतं. हे काय गाय पिळण्याइतकं सोपं आहे?"

देओलिंदा मागून हसली. आदेलीनोला वाटलं, जमीन दुभंगून आपल्याला गाडीसकट पोटात घेईल तर बरं. त्याने लूर्दकडे बघितलंच नाही.

"पाच मोकळ्या केल्यात त्याने," लूर्द म्हणाली.

आर्नाल्दोने तिच्याकडे पाहिलं. "काय?"

"सहापैकी पाच. गोठ्यात, धार काढायच्या मशीनने. सहावी तेवढी धरलीय. आणि गाय पिळणं सोपं असतं हे तुला कोणी सांगितलं? तू कधी कशाची धार काढली आहेस का आर्नाल्दो? बँकेची सोडून?" मग ती बहिणीकडे वळली. "देओलिंदा, तू ज्या दुधावर वाढलीस ना, तेही गोठ्यातलंच होतं. पुढच्या वेळी मिठी मारशील तेव्हा नाक सरळ ठेव. आणि आर्नाल्दो, आता मुंडकं काढ बाहेर, आम्हाला निघायचंय."

आर्नाल्दोने मुंडकं काढलं. आदेलीनोने गाडी गिअरमध्ये टाकली आणि गल्लीच्या टोकापर्यंत आणली.

"तुला पाच कोणी सांगितलं?"

"तिबू ओरडतो तेव्हा टर्लॉकला ऐकू जातं. मी दारात उभी होते."

"म्हणजे दिवा परत लागणार हे तुला माहीत होतं? मग बसलीस कशाला?"

लूर्द रुमालाची गाठ सोडत होती. "अडलेल्या गाईला तू 'दे माझी आई' म्हणायचास, ते मी जन्मभर ऐकलंय. चाळीस वर्षांत माझ्यासाठी कधी नाही ऐकलं. परवा तू चिखलात बसून त्या डब्याच्या पाया पडत होतास, का, तर मला जेवायला न्यायचंय म्हणून. एवढं बघितल्यावर मी काय आर्नाल्दोला फोन करणार होते? मूर्ख आहेस तू."

डोळे पुसायला आदेलीनोने एक हात सोडला, तशी ती रस्त्याकडे बघ म्हणून ओरडली. त्याने रस्त्याकडे बघितलं. सरळ गेलं की घर होतं, उजवीकडे वळलं की समुद्राचा लांबचा रस्ता.

"सहावा सड उद्या मी बघते," लूर्द म्हणाली. "तुझी बोटं पहिल्यापासून जाड. वळ उजवीकडे."